सोल्युशन मिळत नाही, आणि मेडिकलवाल्या काकांशी भांडण झालंय

कर्वेनगरहून एका सत्तावीस वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नोकरी हिंजवडीला, चष्म्याचा नंबर उणे साडेसहा. बारावीनंतर कॉन्टॅक्ट लेन्स लावायला लागली, ती आजतागायत. चार वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. नदीपात्रात आठवड्यातून तीन दिवस सराव चालू आहे आणि गणपती पाच आठवड्यांवर आलेत. नेमकं आत्ताच तिचं लेन्स धुवायचं आणि रात्रभर बुडवून ठेवायचं सोल्युशन मिळेनासं झालंय. दोन वर्षं ती ते ऑनलाइन मागवायची, स्वस्त पडायचं. तिथे ‘उपलब्ध नाही’ दिसायला लागलं तेव्हा ती दुकानं हिंडली. कर्वेनगर, कोथरूड, टिळक रोड, लक्ष्मी रोड मिळून अकरा दुकानं, आणि सगळीकडे एकच उत्तर, ‘वरूनच येत नाहीये’. सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानदाराने सांगितलं, किरकोळ देत नाही. एका चष्म्याच्या दुकानात बाटली समोर दिसत होती, पण ‘लेन्सचं पाकीट घेतलंत तरच’ अशी अट. ऑनलाइन एक जण छापील किमतीच्या जवळजवळ दुपटीने विकतोय.

शिल्लक सोल्युशन पुरवून वापरायचं म्हणून बारा दिवस ती डबीतलं जुनं न ओतता त्यातच थोडं नवं घालतेय. आई म्हणते, पाणी उकळून गार कर आणि मीठ घाल. नात्यातल्या एक मावशी नर्स आहेत, त्या सलाइनची बाटली आणून देते म्हणाल्यात.

पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे. घराजवळच्या मेडिकलमध्ये ती लहानपणापासून जाते. वडील आजारी होते तेव्हा तिथले काका रात्री शटर उघडून औषधं द्यायचे. त्यांना ती भर दुकानात म्हणाली, “तुमच्याकडे असणारच. ओळखीच्यांसाठी दाबून ठेवता तुम्ही.” काका काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून ती लांबच्या रस्त्याने घरी जाते. ती विचारते, तक्रार कुठे करू? तोवर लेन्सला काय वापरू? आणि विनंती करते, “ताई, चष्मा लाव एवढं सोडून काहीही सांगा. शाळेत सहा वर्षं ‘ढापणी’ ऐकलंय. ऑफिसात मला चष्म्यात कुणी पाहिलेलं नाही.”

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंयस, म्हणून मीही सरळ अगं-तुगं करते. तू ज्या क्रमाने विचारलंस त्या क्रमाने मी उत्तरं देणार नाही. तक्रारीचं मागाहून बघू. आधी ती डबी.

हे वाचून झालं की डबीतलं सगळं बेसिनमध्ये ओत आणि डबी कचऱ्यात टाक. आतल्या लेन्सही टाक. महिन्याच्या लेन्स आहेत म्हणतेस, म्हणजे फार तर पंधरा-वीस दिवसांचं नुकसान. होऊ दे. सोल्युशनमधलं जंतू मारणारं औषध एका रात्रीच्या कामाचं असतं. लेन्सवरचा आणि डबीतला मळ निपटताना त्याचा जोर कमी होतो. दुसऱ्या रात्री त्यात चमचाभर नवं घातलं की नव्याचाही जोर जातो आणि कालचे उरलेले जंतू तिथेच मुक्काम करतात. शिळ्या आमटीत ताजी आमटी ओतली म्हणून शिळी ताजी होत नाही, हे स्वयंपाकघरात आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मी उगाच घाबरवत नाहीये. २००६ साली अमेरिकेत आणि इतर काही देशांत लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत बुरशीच्या संसर्गाची साथ आली होती आणि एक सोल्युशन जगभरातून परत मागवावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी अकॅन्थअमीबा नावाच्या सूक्ष्म जीवाच्या संसर्गामुळे आणखी एक सोल्युशन बाजारातून काढावं लागलं. दोन्ही वेळा तपासात सोल्युशनच्या जोडीने वापरणाऱ्यांची एक सवयही समोर आली. डबीतलं जुनं तसंच ठेवून त्यात नवं घालायचं. तू बारा दिवस करतेयस तेच.

डोळा लाल झालाय, दुखतोय असं पत्रात काही नाही, त्यामुळे मी धरून चालते की आत्ता सगळं ठीक आहे. तरी पुढचे काही दिवस लक्ष ठेव. एकाच डोळ्यात टोचल्यासारखं दुखणं, लाली, उजेड सहन न होणं, सारखं पाणी येणं, धुरकट दिसणं, बुबुळावर पांढरा ठिपका, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. रविवार असला तरी. त्या वेळी डोळ्यांत असलेल्या लेन्स आणि त्यांची डबी फेकू नकोस, सोबत घेऊन जा, त्यावरून कुठला जंतू आहे ते शोधता येतं. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने ड्रॉप्स आणून घालू नकोस. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली ओसरते, आपल्याला बरं वाटतं आणि आत संसर्ग वाढत राहतो. खासगी दवाखाना परवडत नसेल त्यांच्यासाठी ससून या सरकारी रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मी स्वतः अठरा वर्षं लेन्स लावल्या. एकदा कोकणात लग्नाला गेले असताना सोल्युशन संपलं. गावात कुठून मिळणार? मी दोन रात्री लेन्स बाटलीबंद पाण्यात ठेवल्या. सीलबंद पाणी म्हणजे स्वच्छ, असा माझा हिशेब. पुण्यात परतल्यावर तिसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यात ट्यूबलाइटचा उजेड सुईसारखा घुसायला लागला. डॉक्टरांनी कागदी पट्टीने डोळ्यात केशरी रंग लावला, निळ्या दिव्यात पाहिलं आणि कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थरावर, जखम आहे म्हणाले. तपासणीसाठी तिथलं थोडं खरवडून घेतलं. पहिले दोन दिवस दर तासाला ड्रॉप, रात्रीसुद्धा. आईने उशाशी गजराचं घड्याळ ठेवलं होतं. गजर झाला की ती उठायची, हात धुवायची, माझी खालची पापणी अंगठ्याने ओढायची, थेंब टाकायची, घड्याळ पुढच्या तासाला लावायची आणि भिंतीला टेकून बसायची. झोपायची नाही, कारण झोप लागली तर गजर ऐकू यायचा नाही अशी तिला भीती. डोळा वाचला. पण त्या जागी बारीक डाग राहिला तो राहिलाच. अजूनही रात्री समोरून गाडी आली की त्या डोळ्यात दिव्याचा पसारा होतो.

म्हणून तुझ्या आईच्या मीठ-पाण्याला मी हात जोडून नाही म्हणते. त्यांची माया समजते, आपल्याकडे घसा दुखला तरी मीठ-पाणीच. पण १९८० च्या दशकात अमेरिकेत लोक मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाइन करून लेन्सला वापरायचे, आणि त्याच काळात वाढलेल्या अकॅन्थअमीबाच्या संसर्गाचा माग काढता काढता तपास याच घरगुती सलाइनपर्यंत पोचला. हा जीव पाण्यात, मातीत, धुळीत सगळीकडे असतो. पाण्यातून पोटात गेला तर काही करत नाही. लेन्सखाली सापडला तर कॉर्नियात शिरतो आणि कवच करून बसतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला तो दाद देत नाही. उकळल्याने तो मरतो हे खरं, पण पाणी गार होईपर्यंत पातेलं, चमचा, मीठ, झाकण, आपला हात, यातलं काय निर्जंतुक असतं? फिल्टरचं पाणीसुद्धा प्यायला शुद्ध असतं, निर्जंतुक नसतं.

मावशींची सलाइनची बाटलीही नको. ती निर्जंतुक असते, पण फोडेपर्यंतच. त्यात जंतू मारणारं किंवा रोखणारं काही घातलेलं नसतं, कारण ती शिरेतून एकदाच द्यायची असते. फोडून आठवडाभर फ्रीजवर ठेवली तर त्यात जंतू वाढायला मोकळं रान. शिवाय सलाइन लेन्स फक्त ओली ठेवतं, जंतुमुक्त करत नाही. आणि लेन्स सुकली की तोंडात घालून ओली करायची सवय सरावाच्या ठिकाणी मी पाहिलीय, तुझ्या पथकातही कुणी ना कुणी करत असेल. त्यांना हे पत्र वाचायला दे.

आता बाजाराकडे येऊ. अकरा दुकानांत तू नेमकं काय मागितलंस? पत्रात तू एका कंपनीचं नाव आणि तिच्या मोठ्या बाटलीचं माप लिहिलंयस, मी ते इथे गाळलंय. मला वाटतं अकराही ठिकाणी तू तेवढंच मागितलंस आणि दुकानदारानेही तेवढ्याचंच उत्तर दिलं. तुझ्या लेन्स सॉफ्ट आहेत. सॉफ्ट लेन्सला चालणारी मल्टिपर्पज सोल्युशन दुसऱ्या कंपन्याही करतात, आणि लहान बाटल्यांतही मिळतात. एखादं सोल्युशन एखाद्या लेन्सशी जमत नाही, डोळा चुरचुरतो, असं होतं, म्हणून तुझ्या डॉक्टरांना किंवा लेन्स बसवून देणाऱ्यांना फोन करून विचार, “या लेन्सला आणखी कुठलं चालेल?” दोन-तीन नावं लिहून घे आणि मग दुकानात जा. दोन कंपन्यांचं एकमेकांत मिसळू मात्र नकोस. ज्यांच्या लेन्स सेमी-सॉफ्ट आहेत त्यांचं सोल्युशन वेगळं असतं, ते सॉफ्ट लेन्सला चालेल असं समजू नये. आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन हातात आलं तर ते त्याच्याबरोबर येणाऱ्या खास डबीतच वापरायचं, निदान सहा तास ठेवून. ते थेट डोळ्यात गेलं तर भाजल्यासारखं होतं. जखम धुवायचं पेरॉक्साइड ही तर पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

डबीची दोन्ही घरं भरायची आणि लेन्स धुवायची, यात रोज साधारण १० मिली जातं. १२० मिलीची लहान बाटली बारा दिवस येते. हा हिशेब मनात असला की बाटली किती दिवस पुरणार ते आधी कळतं आणि तळाला गेल्यावर पळापळ होत नाही. पण रोजचे १० चे ५ करायचे नाहीत. बचत करायची तर लेन्स लावण्याचे दिवस कमी करून.

इथे मला चष्म्याचं बोलावंच लागेल. तू नको म्हटलंयस तरी.

सहा वर्षं रोज कानावर पडलेला शब्द असा निघून जात नाही. त्याला विसर, मोठी हो, असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. घरात चष्मा आहे, पण पाच वर्षांपूर्वीचा, तोही उणे पाचचा. म्हणजे रात्री लेन्स काढल्यावर तू घरात अंदाजाने वावरतेस. रात्री-अपरात्री आईला काही झालं तर तू गाडी काढू शकत नाहीस. आणि माझा अंदाज आहे, त्या धुरकटपणाचा कंटाळा येतो म्हणून तू लेन्स उशिरापर्यंत डोळ्यांत ठेवतेस, कधी तशीच झोपतेस. झोपेत लेन्स राहिली की संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे. पापणी मिटलेली आणि वर लेन्स, म्हणजे त्याचं दोन्हीकडून तोंड दाबलं.

तू दहा वर्षं धरून चाललीयस की चष्मा म्हणजे ती शाळेतली मुलगी. त्यामुळे लेन्स ही तुझ्यासाठी सोय राहिलीच नाही, सक्ती झाली. तेवढ्यासाठी एक बाटली न मिळाल्याबरोबर तू जुन्या सोल्युशनवर आलीस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं की मी असं करते, तर तूच तिला ओरडली असतीस.

या आठवड्यात नंबर काढून घे आणि चालू नंबरचा चष्मा कर. चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एकच नसतो हेही लक्षात ठेव. काच डोळ्यापासून थोडी दूर असते, म्हणून चष्म्याचा उणे साडेसहा असेल तर लेन्सचा साधारण उणे सहा येतो. लेन्सच्या पाकिटावरचा आकडा दाखवून चष्मा करू नकोस. जाड काचांची भीती असेल तर दुकानात ‘हाय इंडेक्स’ म्हणून सांग, आणि फ्रेम लहान, गोलसर निवड. उणे नंबरची काच कडेला जाड असते, फ्रेम लहान झाली की ती जाड कड कापली जाते.  पहिले दोन-चार दिवस पायऱ्या जवळ-लांब वाटतील, वस्तू लहान दिसतील, डोकं जड होईल. तेवढे दिवस दुचाकी नको. डॉक्टरांकडे जातेच आहेस तर बाहुली मोठी करून पडदाही तपासून घे. उणे सहाच्या पुढे वर्षातून एकदा ते करावंच, आणि डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक दिसली तर वर्षाची वाट बघायची नाही.

ऑफिसचं म्हणशील, तर चष्मा लावून जाशील त्या सोमवारी काय होईल? दोघी-तिघी म्हणतील, “अगं, तुला चष्मा आहे?” तू म्हणशील, “हो, आहे.” अकराच्या मीटिंगपर्यंत विषय संपलेला असेल. कदाचित एखादा वेडावाकडा बोलेलही. तेव्हा तू सातवीतली नसशील, आणि उत्तर द्यायचं की नाही हे तू ठरवशील.

ताशाला मात्र लेन्स हव्यात हे मला मान्य आहे. घामाने चष्मा नाकावरून घसरतो, दोन्ही हात काड्यांत अडकलेले, वर कधी करणार? त्यासाठी रोजच्या लेन्स घे. सकाळी किंवा सरावाआधी नवी जोडी फोडायची, रात्री काढून फेकायची. डबी नाही, सोल्युशन नाही. मला नवल वाटतं की अकरांपैकी एकाही दुकानदाराने तुला हे सुचवलं नाही, ज्याने पाकिटाची अट घातली त्यानेही नाही. त्या रोज लावायच्या तर महाग पडतात. पण तुझं गणित बघ. पाच आठवडे, आठवड्याला तीन सराव, म्हणजे पंधरा जोड्या. मिरवणुकांना तीन-चार. वीस जोड्यांत सगळं बसतं, आणि सहसा एका पाकिटात तीस लेन्स येतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असला तरी दोन पाकिटांत उत्सव पार पडून उरतील. आधी डॉक्टरांकडून एक जोडी लावून बघ, कारण कंपनी बदलली की माप बदलतं. आणि या लेन्स एकदा काढल्या की पुन्हा लावायच्या नाहीत. बाटलीत थोडं सोल्युशन आहे, ठेवून बघू, असं अजिबात नाही.

नदीपात्रात धूळ असते, मिरवणुकीत गुलाल. लेन्स घरून लावून जा, तिथे हाताळू नकोस. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही. कोरड्या स्वच्छ हातांनी लेन्स काढायची, टाकून द्यायची आणि चष्मा लावायचा. त्यासाठी चष्मा कमरेच्या पाऊचमध्ये हवा, घरी कपाटात नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते. पहाटेपर्यंत थांबणार असलीस तर तीच लेन्स ओढत नेऊ नकोस. रात्री काढ, डोळ्यांना काही तास विश्रांती दे, ध्वजापाशी किंवा टोलाच्या घंटेपाशी चष्मा लावून उभी राहा. पथकप्रमुखांना आधी सांगून ठेव म्हणजे फळी लावताना अडचण येणार नाही.

आता तुझा राग. तो खोटा नाही. चष्म्याच्या दुकानातली ‘पाकीट घ्या तरच बाटली’ ही अट चूकच आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापार प्रथेत मोडते. पुन्हा जा आणि शांतपणे म्हण, “ही अट मला बिलावर लिहून द्या.” बहुतेक ठिकाणी एवढ्यावर बाटली निघते. नाही निघाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हेही बेकायदेशीर आहे, मग ते दुकान असो की ऑनलाइन, आणि जास्त किमतीचा कागद छापील किमतीवर चिकटवला म्हणून ते कायदेशीर होत नाही. पडद्यावरच्या किमतीचा फोटो काढ. बाटलीवरच्या छापील किमतीचा फोटो आणि बिल मिळालं तर तेही जपून ठेव. तक्रार हेल्पलाइनकडे किंवा वैधमापन (वजन-मापांच्या) खात्याकडे करता येते. मात्र त्या दुप्पट किमतीच्या माणसाकडून तू घेऊ नये असं मला वाटतं. पैशांचं सोड, पण ती बाटली कुठे, किती उन्हात पडून होती आणि तिची मुदत खरी आहे का, हे कळायला मार्ग नाही. आणि हेही खरं, की तक्रारीने गणपतीच्या आत बाटली हातात पडणार नाही. ती करायची पुढच्या माणसासाठी.

आपण ज्या गावात राहतो तिथे १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. एकट्या ग्राहकाला बाजारात कुणी विचारत नाही, चार ग्राहक एकत्र आले की विचारतात, हे त्या चळवळीने लोकांना करून दाखवलं. तुझ्या पथकात शे-दीडशे वादक असतील. त्यात लेन्सवाले किती? सरावाच्या आधी पाच मिनिटं घेऊन विचार. दहा जण निघाले तर कुणाला कुठलं चालतं याची यादी कर. एका बाटलीसाठी स्टॉकिस्ट, म्हणजे दुकानांना माल पुरवणारा घाऊक विक्रेता, माणूस पाठवणार नाही, दहा बाटल्यांची मागणी आणि आगाऊ पैसे म्हटल्यावर तो शोधाशोध करतो. एकेकाने सहा-सहा बाटल्या मात्र भरून ठेवू नका. उघडलेली बाटली लेबलवर लिहिलेल्या दिवसांतच संपवायची असते, बहुतेक कंपन्या ९० म्हणतात, आणि बंद बाटलीलाही मुदत असते. शिवाय आपल्या कपाटातल्या जास्तीच्या बाटलीसाठी दुसरं कुणी अकरा दुकानं हिंडत असतं.

ही मागणी स्टॉकिस्टकडे पोचवणार कोण? किरकोळ ग्राहकाला तो दारात उभं करत नाही, ते तू सदाशिव पेठेत पाहिलंसच. ती पोचवू शकतात तुझे मेडिकलवाले काका.

त्यांनी दाबून ठेवलं असेल, असं तुला का वाटलं? दोन वर्षं तू सोल्युशन ऑनलाइन घेतलंस, कारण स्वस्त होतं. त्यात चूक नाही, मीही घेते. पण काकांच्या बाजूने बघ. कर्वेनगरमधल्या त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी तुझ्यासारखे सगळेच तिकडे गेले असतील. सोल्युशनची बाटली मोठी, फळीवर जागा खाणारी, हळू खपणारी, आणि मुदत संपली की तोटा त्यांचा. त्यांनी ठेवणं कमी केलं असेल, नाहीतर बंदच केलं असेल. मग कंपनीकडून माल कमी आला की स्टॉकिस्ट आधी कुणाला देणार? जो दर महिन्याला घेतो त्याला. काकांचा नंबर शेवटचा. त्यांच्याकडे नव्हतं हेच जास्त शक्य आहे. आणि हे तुला समजावून सांगायचं तर त्यांना म्हणावं लागलं असतं, “तू दोन वर्षं आलीच नाहीस.” ते गप्प राहिले.

त्यांची माफी माग. दुपारी दुकान रिकामं असताना गाठून नको. जे बोललीस ते चार गिऱ्हाइकांसमोर बोललीस, तर माफीही चार गिऱ्हाइकांसमोरच हवी. संध्याकाळी गर्दीच्या वेळी जा, तुझा नंबर आला की म्हण, “काका, त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं. सॉरी.” जास्त स्पष्टीकरण नको. बाबांच्या आजारपणाचा विषय काढू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. ते कदाचित नुसती मान हलवतील आणि मागच्या माणसाची चिठ्ठी घेतील. तेवढंही पुरे.

पथकाची यादी त्या दिवशी खिशातच राहू दे. ती काढलीस तर माफीला मागणीचा वास येईल. यादी घेऊन दोन दिवसांनी जा. त्या संध्याकाळी रिकाम्या हाताने उभं राहायला अवघड वाटलं, तर बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी घे. सरावाला लागतेच ती.

तुझी,
ताई